आभाराची मिस्सा आणि शेजारची खाट



मिस्साच्या हेतूंची वही आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळलेली आहे. चर्चच्या ऑफिसात ती टेबलावर उघडी असते, तिला दोऱ्याने एक पेन बांधलेले असते आणि ते पेन ऐन वेळी चालत नाही. या वहीत तीन प्रकारच्या नोंदी वारंवार येतात. मृतांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून, आजाऱ्यांना बरे वाटावे म्हणून आणि तिसरी, सगळ्यात आखूड, ‘आभार’. पुढे नाव असते किंवा ‘एक भाविक’ एवढेच असते. कशाबद्दल आभार, ते सहसा कोणी लिहीत नाही. मागणीच्या नोंदीत मात्र सगळा तपशील असतो : ऑपरेशन कोणत्या तारखेला आहे, व्हिसाची मुलाखत किती वाजता आहे, मुलीला आलेले स्थळ कुठले आहे.

आजच्या पाठासाठी आम्ही हा तिसरा शब्द निवडला आहे. संकटात देव धावून आला तर त्याचे आभार मानावेत, हे शिकवायला धर्मगुरू कशाला हवा, असे कोणी म्हणेल. लहान मुलालाही ते कळते. ऑक्टोबर २०२१पर्यंत आम्हालाही असेच वाटत होते.

ते दिवस आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली होती. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी दारे उघडली. आम्ही तेव्हा वसईतल्याच दुसऱ्या एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. सहा महिन्यांचे तुंबलेले हेतू एकदम आले. (एकाच मिस्सात अनेकांचे हेतू एकत्र घ्यायचे असतील तर ते आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा अधिक नको, असा रोमचा १९९१चा आदेश तेव्हा लागू होता. त्या महिन्यात तो पाळताना आमची तारांबळ उडाली.) अशाच एका रविवारी दोन हेतू एकापाठोपाठ एक वाचले गेले. पहिला आभाराचा. एक गृहस्थ एप्रिलमध्ये अठरा दिवस ऑक्सिजनवर राहून घरी परतले होते. दुसरा हेतू एका मृताच्या आत्म्यासाठी. तेही त्याच महिन्यात, त्याच वॉर्डात, पहिल्यांच्या शेजारच्या खाटेवर होते. खाटा शेजारीशेजारी होत्या हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

प्रवचनात आम्ही उत्साहाच्या भरात बोलून गेलो की, पहिल्या कुटुंबाने रात्रंदिवस जपमाळ केली, त्यांची श्रद्धा डळमळली नाही, म्हणून देवाने त्यांचे ऐकले आणि त्यांचा माणूस परत दिला. लोकांनी माना डोलावल्या. आम्हालाही प्रवचन बरे झाल्यासारखे वाटले.

मिस्सानंतर आम्ही वस्त्रे उतरवत होतो. दुसऱ्या गृहस्थांच्या पत्नी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “फादर, जपमाळ आम्हीसुद्धा करत होतो. आमची कमी पडली का?”

त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या खरोखरच विचारत होत्या. आम्ही काहीतरी उत्तर दिले, देवाची इच्छा माणसाला उमगत नाही अशा अर्थाचे. वाक्य खोटे नव्हते. पण अर्ध्या तासापूर्वी वेदीजवळून आम्हीच ती इच्छा सगळ्यांना समजावून सांगितली होती! त्यांनी ‘बरं, फादर’ म्हटले आणि त्या गेल्या. (हे सारे आम्ही दोन्ही घरांच्या संमतीने लिहीत आहोत.)

सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना दुःखाच्या प्रश्नावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. गुणही बरे मिळाले होते. त्यातले एकही पान त्या दारात कामी आले नाही. मग आम्ही पुन्हा बायबल घेऊन बसलो. या वेळी प्रश्न वेगळा होता. वाचलेल्या माणसाने देवाचे आभार कसे मानावेत, म्हणजे ज्यांचा माणूस वाचला नाही त्यांनाही ते ऐकवतील?

आभार म्हटले की प्रथम दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आठवते (लूक १७:११-१९). तीन वर्षांच्या वाचनक्रमातील ‘क’ वर्षात, सामान्य काळाच्या २८व्या रविवारी, ती वाचली जाते आणि दर वेळी प्रवचनात त्या नऊ जणांना बोलणी बसतात. आमच्या मते बिचाऱ्यांवर थोडा अन्याय होतो. येशूने त्यांना याजकाकडे जायला सांगितले होते आणि ते तिकडेच निघाले होते. लेवीयच्या १४व्या अध्यायात बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याच्या शुद्धीकरणाचा विधी दिला आहे. दोन पक्षी, गंधसरूचे लाकूड, कपडे धुणे, सगळे केस उतरवणे आणि आठव्या दिवशी कोकरांचे अर्पण. एवढे झाल्यावर माणूस पुन्हा चारचौघांत यायचा. त्या नऊ जणांनी किती काळ बायकोमुलांचे तोंड पाहिले नसेल! त्यांना घाई असली तर नवल नाही. शिवाय दहावा शोमरोनी होता. त्याच्या लोकांची उपासना गरिज्जीम डोंगरावरची, यरुशलेमचा याजक त्याला जवळ करण्याची शक्यता कमीच. त्याला मागे वळणे त्यामानाने सोपे गेले असेल.

तरीही येशू त्या नऊ जणांबद्दल विचारतोच. तो प्रश्न पुसून टाकता येत नाही. मात्र पुढे काय होत नाही, तेही पाहावे. ते नऊ जण पुन्हा आजारी पडत नाहीत. आभार मानले नाहीत म्हणून दिलेले आरोग्य काढून घेतले गेले, असे लूक कुठेही म्हणत नाही. नवस फेडायला उशीर झाला, आता काहीतरी विपरीत होणार, या धास्तीने आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांनी हा उतारा एकदा सावकाश वाचावा.

परतलेल्या माणसाने आभार मानले, हे सांगताना लूकने जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याच मुळापासून ‘युखरिस्त’ हा शब्द आला आहे. युखरिस्त म्हणजेच उपकारस्तुती. त्या अर्थाने ‘आभाराची मिस्सा’ हा शब्दप्रयोग म्हणजे पिवळा पीतांबर झाला. मिस्सा आभाराचीच असते, अंत्यविधीची असली तरी. हे वाक्य आम्ही इथे लिहून ठेवतो, त्याकडे पुन्हा यायचे आहे.

पण त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर या गोष्टीत नाही. इथे दहाच्या दहा बरे झाले. त्या गावाच्या वेशीवर बरा न झालेला अकरावा कोणी बसला होता की काय, लूक सांगत नाही.

म्हणून आणखी मागे, जुन्या करारात जाऊ. हिब्रू भाषेत आभारासाठी ‘तोदा’ असा शब्द आहे. ज्या मुळापासून तो आला, त्याचा अर्थ कबूल करणे असाही होतो. आखानाने लुटीतला माल लपवला तेव्हा यहोशवा त्याला देवापुढे ‘तोदा’ करायला सांगतो (यहोशवा ७:१९). तिथे त्याचा अर्थ गुन्हा कबूल करणे. एकच शब्द, चोरानेही वापरायचा आणि जीव वाचलेल्यानेही. चोर कबूल करतो की, हे माझे नव्हते, मी घेतले. वाचलेला कबूल करतो की, हे माझे नव्हते, मला मिळाले. मराठीत आपण उपकार ‘मानतो’. मानणे म्हणजे मान्य करणेच की!

हा ‘तोदा’ नुसत्या तोंडी शब्दांचा नव्हता. मंदिरात त्याचे रीतसर अर्पण होत असे (लेवीय ७:११-१५). प्राण्याचा बळी, बेखमीर भाकरी, त्यांच्याबरोबर खमीर घातलेल्या भाकरी. आणि एक चमत्कारिक वाटणारा नियम. मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचे, सकाळपर्यंत काहीही उरता कामा नये. नवसाच्या अर्पणाचे मांस दुसऱ्या दिवशीही चालत असे (७:१६), आभाराचे नाही. याजकाचा वाटा काढला तरी उरलेला बोकड आणि त्या साऱ्या भाकरी एक कुटुंब एका दिवसात कसे संपवणार? साहजिकच माणसे बोलवावी लागत. जेवायला आलेली माणसे विचारणार की, बाबा, कशासाठी हे जेवण? मग तो सांगणार, असा असा प्रसंग आला होता. जुन्या ज्यू भाष्यकारांपैकी काहींनी या नियमाचा हेतूच हा असल्याचे म्हटले आहे. आभार एकट्याने उरकता येऊ नयेत, म्हणून मांसाला एक दिवसाची मुदत!

आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी आणतात, त्यामागेही हीच जाण आहे. पीक एका घरचे असले तरी आभार सगळ्या गावाचे. आता भातशेतीच इतकी आटली आहे की लोंब्या कुठून आणायच्या असा प्रश्न पडतो, पण तो विषय निराळा.

१०७वे स्तोत्र घरी उघडून वाचावे, अशी आमची विनंती आहे. एकूण ४३ ओव्या आहेत, दहा मिनिटे लागतील. त्यात संकटातून सुटलेल्या माणसांचे चार गट येतात. रानात वाट चुकलेले, अंधारकोठडीत पडलेले, आजाराने अन्न नकोसे झालेले आणि समुद्रात वादळात सापडलेले. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोणत्याही तांडेलाला या चौथ्या गटाचे वर्णन समजावून सांगावे लागणार नाही. चारही गटांची हकीकत सारखीच पुढे सरकते. संकट, आरोळी, सुटका आणि आभाराचे आवाहन. आरोळीची ओळ चार वेळा येते, आभाराच्या आवाहनाची ओळही चार वेळा.

त्यात एक बारकावा आहे. कोठडीतल्यांनी आणि आजाऱ्यांनी आपल्याच करणीने संकट ओढवून घेतले, असे स्तोत्र सांगते (ओवी ११ आणि १७). वाट चुकलेल्यांच्या आणि खलाशांच्या बाबतीत तसा शब्दही नाही. दोघे दोषी, दोघे निर्दोष. पण देव चौघांनाही सारखाच सोडवतो. आधी चौकशी, मग मदत, असे तिथे नाही.

पुढे ज्यू लोकांनी याच चार प्रकारच्या माणसांसाठी आभाराची एक विशेष प्रार्थना ठरवली. समुद्रप्रवास किंवा वाळवंट पार करून आलेला, आजारातून उठलेला आणि तुरुंगातून सुटलेला, अशांनी ती म्हणायची, हे त्यांच्या तालमूद ग्रंथात नोंदलेले आहे. ती आजही सभास्थानात म्हटली जाते. एकट्याने नाही, किमान दहा जणांच्या समोर. (लूकच्या दहा कुष्ठरोग्यांशी या दहाचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो आम्ही आवरतो.) या प्रार्थनेत वाचलेला माणूस काय म्हणतो? माझी श्रद्धा मोठी होती म्हणून मी वाचलो, असे तो म्हणत नाही. त्याचा आशय असा आहे की, जे लायक नाहीत त्यांचेही देव भले करतो आणि त्याने माझे भले केले. मग जमलेले लोक त्याला शुभेच्छा देतात.

इथे आम्हाला आमच्या प्रवचनातली चूक सापडली. आम्ही त्या कुटुंबाच्या वतीने आभार मानत आहोत असे समजत होतो, प्रत्यक्षात आम्ही त्यांना प्रशस्तिपत्र देत होतो. जपमाळ केली ‘म्हणून’ वाचले. या एका ‘म्हणून’ने समोरच्या बाकावरच्या बाईला नापास केले. खरे आभार ‘म्हणून’ला जागाच ठेवत नाहीत. लायकी होती म्हणून मिळाले, तर तो पगार झाला. पगाराबद्दल सही करतात.

कोणी विचारील, मग प्रार्थनेचा काहीच उपयोग नाही का? प्रार्थना करावीच. १०७व्या स्तोत्रात चौघेही आरोळी मारतात आणि देव ऐकतो. पण ऐकले की नाही याचा पुरावा म्हणून शेजारच्या खाटेकडे बोट दाखवू नये. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा येशूने स्पष्ट विचारले होते की, ते काय यरुशलेमच्या इतर सगळ्यांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते? आणि त्यानेच उत्तर दिले, नाही (लूक १३:४-५).

प्रेषितांच्या कृत्यांचा १२वा अध्याय आम्ही कितीदा तरी शिकवला होता. त्याची सुरुवात मात्र आम्ही घाईने ओलांडत असू. हेरोद राजा योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारतो. एक ओवी, बस्स. मग तो पेत्राला पकडतो. ख्रिस्तसभा त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करते, रात्री देवदूत येतो, साखळ्या गळतात, लोखंडी दार आपोआप उघडते. पेत्र मार्काची आई मरिया हिच्या घरी जाऊन दार ठोठावतो. रुदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतली माणसे तिला वेडी ठरवतात. पेत्र आपला बाहेर ठोठावतोच आहे. बायबलमधला हा एक खरोखर हसवणारा प्रसंग.

आता विचार करा. याकोब आणि पेत्र, दोघेही बारांपैकी. दोघेही रूपांतराच्या डोंगरावर येशूबरोबर होते, गेथशेमनीतही होते. याकोबासाठी ख्रिस्तसभेने प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? एकासाठी देवदूत आला, दुसऱ्यासाठी आला नाही. लूक कारण देत नाही. पेत्राची श्रद्धा अधिक होती असेही म्हणत नाही. उलट देवदूत आला तेव्हा पेत्र गाढ झोपला होता, त्याला कुशीत ढोसून उठवावे लागले.

त्या रात्री मरियेच्या घरात याकोबाचा भाऊ योहान होता का? बायबल सांगत नाही. असला तर त्याला पेत्राला पाहून काय वाटले असेल? आनंद झालाच असेल. आणि बाकीचेही झाले असेल. त्या रविवारी आमच्यासमोरच्या बाकावर एक योहान बसला होता आणि आम्ही त्याच्याकडे पाहिले नव्हते.

काहींना वाटेल की, श्रद्धावंताने दुःखाबद्दलही देवाचे आभार मानले पाहिजेत, संत पौलच तसे सांगतो. नीट पाहू. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१८) तो प्रत्येक परिस्थिती‘त’ आभार मानायला सांगतो, परिस्थिती‘बद्दल’ नव्हे. मूळ ग्रीकमध्येही ‘मध्ये’ असाच शब्द आहे. मात्र इफिसकरांच्या पत्रात (५:२०) सगळ्या गोष्टींबद्दल आभार मानावेत असेही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आमची समजूत अशी की, तिथे पौल भजने गाणाऱ्या मंडळीशी बोलतो आहे. नुकतेच मूल गमावलेल्या आईच्या अंगणात उभा राहून बोलत नाही. तिला आभार मानायला सांगण्याचा अधिकार निदान आम्हाला तरी नाही. ‘याहून वाईट झाले असते, देवाचे आभार मान’ हे वाक्य सांत्वनाला जाणाऱ्यांनी घरीच ठेवून जावे. स्तोत्रसंहितेतच ८८वे स्तोत्र आहे. त्यात आभाराचा एकही शब्द नाही, ते अंधारातच संपते. तरी ते कोणी काढून टाकले नाही. ज्यांना अजून आभार मानता येत नाहीत, त्यांच्यासाठी देवाच्या पुस्तकात एक पान राखून ठेवलेले आहे.

संकटा‘त’ आभार म्हणजे काय, ते पौलाने करून दाखवले आहे. कैदी म्हणून त्याला रोमला नेत असताना बोट वादळात सापडली (प्रेषितांची कृत्ये २७). चौदा दिवस कोणी धड जेवले नव्हते. बोटीवर २७६ माणसे होती. पहाटे पौलाने भाकर घेतली, सगळ्यांदेखत देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खायला लागला. मग बाकीच्यांना धीर आला, तेही जेवले. ध्यानात घ्या, वादळ अजून शमलेले नव्हते. त्यानंतर बोट वाळूत रुतून फुटली, कोणी पोहत, कोणी फळीवर असे सगळे मिलिता बेटाच्या किनाऱ्याला लागले. जीव वाचेल असे देवदूताने पौलाला सांगितले होते हे खरे, पण त्या क्षणी हातात होती ती भाकर, आणि आभार तिच्यावर मानले गेले.

भाकर घेणे, आभार मानणे, मोडणे. हा क्रम आपण कुठे ऐकतो ते सांगायला नको. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने पित्याचे आभार मानले, त्याच रात्री त्याला धरले. गेथशेमनीत त्याने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. देवाच्या पुत्राची प्रार्थना कमी पडली, असे आपण म्हणतो का? आपण तिसऱ्या दिवसाबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण गुरुवारी रात्री आभार मानले गेले तेव्हा मध्ये शुक्रवार उभा होता. म्हणून अंत्यविधीच्या मिस्सातही आम्ही वेदीजवळ उभे राहून आभार मानण्याचेच आवाहन करतो, आणि काळ्या साडीतली बाई त्याला प्रतिसाद देते. आम्ही हे शेकडो वेळा केले आहे आणि ती काय देते याचा हिशेब आम्हाला उशिरा कळला.

नवसाबद्दल दोन शब्द. नवस वाईट असे आम्ही म्हणत नाही. आपल्यातले कितीतरी जण सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीला जातात, मेणाचे हात, पाय, घर वाहतात. त्या मेणाच्या पायात खऱ्या पायाची किती काळजी विरघळलेली असते! पण फेडले की सुटलो, ही भावना आभाराची नव्हे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका उपकारांवरच्या ग्रंथात म्हणतो त्याचा मथितार्थ असा की, परतफेडीची फार घाई करणारा माणूस ऋणी राहायला नाखूश असतो. संत थॉमस अक्वायनसने हा विचार उचलला आणि कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आधी उपकार ओळखणे, मग तोंडाने सांगणे, मग ऐपतीप्रमाणे योग्य वेळी परत करणे. आपली उडी थेट तिसरीवर असते. लिफाफा दिला, झाले. थॉमसच्या मते सगळ्यात मोठी कृतघ्नता म्हणजे उपकार ओळखताच न येणे.

ओळखण्यावरून नामानाची आठवण होते (२ राजे ५). अरामी सेनापती, यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून कुष्ठरोगातून बरा झाला. त्याने अलीशाला भेटी देऊ केल्या, अलीशाने हात लावला नाही. शेवटी नामानाने दोन खेचरे वाहून नेतील एवढी माती मागून नेली, आपल्या देशात इस्राएलच्या देवाची उपासना करायला. सुंदर गोष्ट आहे. पण त्याला ही वाट दाखवली कोणी? त्याच्या बायकोच्या दासीने, इस्राएलमधून धरून आणलेल्या एका पोरीने. ती स्वतः घरी परतली का? नामानाने तिला एक शब्द तरी म्हटला का? बायबल गप्प आहे. २०२१च्या त्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावरून जिन्याने चढवणारी पोरे, रात्रपाळीच्या नर्सबाई, रुग्णवाहिकेचे चालक यांच्यापैकी किती जणांचे आभार मानायचे राहून गेले! देवाने वाचवले, असे म्हणताना त्याने ज्यांच्या हातांनी वाचवले ते हात झाकून टाकू नयेत.

आता त्या दोन घरांकडे.

आम्ही त्या भगिनींच्या घरी गेलो, दोन आठवड्यांनी. प्रवचनात चूक झाली, एवढे सांगितले. त्यांनी चहा केला. त्या म्हणाल्या, “तुम्ही आलात ते बरं झालं, फादर.” मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. शेवटचे नऊ दिवस नवरा कसा होता, हे त्यांना कोणीच सांगू शकले नव्हते. वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता.

वाचलेल्या गृहस्थांना आम्ही हे कळवले. तेव्हा कुठे खाटा शेजारी होत्या हे आम्हाला समजले. ते म्हणाले, “फादर, मला सगळं आठवतं. पण कोणत्या तोंडानं जाऊ?” आपण घरी आलो आणि तो आला नाही, याची त्यांना लाज वाटत होती. मिस्सा सांगितली, लिफाफा दिला, पण त्या घरावरून जायचे ते टाळत होते. लांबच्या रस्त्याने बाजारात जात.

ते गेले, नोव्हेंबरात. आम्ही बरोबर नव्हतो, त्यांनी नको म्हटले. नंतर दोघांकडूनही थोडेथोडे कळले. शेजारच्या खाटेवरचा माणूस रोज संध्याकाळी मावशीला मोबाईल चार्जिंगला लावायला सांगायचा, कारण सातला घरून फोन येतो. बोलायला दम पुरत नसला तरी फोन कानाला लावून ठेवायचा. एकदा त्याने आपल्या वाट्याचे शहाळे यांना दिले होते. बाईंनी एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारून घेतली. ते गृहस्थ दुपारी चारला गेले होते, रात्री जेवूनच निघाले.

पुढच्या एप्रिलात, २०२२मध्ये, वर्षाच्या मिस्साचा हेतू लिहायला बाई ऑफिसात आल्या. त्या वाचलेल्या गृहस्थांनाही घेऊन आल्या होत्या. पेन नेहमीप्रमाणे चालत नव्हते, आम्ही आमचे दिले. बाईंनी नवऱ्याचे नाव लिहिले, पुढे ‘आत्म्यास शांती’ लिहिले. त्याच ओळीत त्या गृहस्थांनी आपले नाव आणि ‘आभार’ लिहिले. जागा पुरली नाही, शेवटची दोन अक्षरे समासात गेली.

आपल्या धर्मग्रामात येत्या महिन्यापासून वहीत ‘आभार’ या शब्दापुढे दोन रिकाम्या ओळी छापून घेतल्या आहेत. कशाबद्दल, ते ज्यांना लिहावेसे वाटेल त्यांनी लिहावे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये चहा असेल. ज्यांची आभाराची मिस्सा असेल त्यांनी थांबून चार शब्द सांगावेत, आणि ज्यांची मृतांसाठी असेल त्यांनीही थांबावे. बिस्किटे उरवू नयेत.